पहिला नंबर कायमचा असतो का? अमेरिकेचा शेअर बाजार आणि आपली पुंजी

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून देत आहे. भाषणानंतर विचारले गेलेले काही प्रश्नही शेवटी घेतले आहेत.)



सेक्रेटरी साहेबांनी मला हा विषय देताना एकच अट घातली. म्हणाले, "काका, शेअर बाजारावर बोला, पण कुणाला टिप देऊ नका." मी म्हटलं, टिप देण्याइतकं मला कळत असतं तर छत्तीस वर्षं बँकेत कशाला नोकरी केली असती? तेव्हा कुठला शेअर घ्या आणि कुठला विका हे ऐकायला जे आले असतील, त्यांनी चहा घेऊन खुशाल घरी जावं. चहा भाषणाच्या आधीच दिलेला आहे, त्यामुळे त्यांचं नुकसान नाही.

विषय का निवडला ते आधी सांगतो. आपल्या दोन्ही विंगमध्ये मिळून अमेरिकेत मूल नाही असं घर शोधावं लागेल. संध्याकाळी बागेतल्या बाकावर पूर्वी डाळीच्या भावाची चर्चा असायची, आता "नॅस्डॅक काय म्हणतोय" अशी असते. आणि गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "मुलगा म्हणतो, एफडीत काय मिळतंय? अमेरिकेचा बाजार कधी हरत नाही. सगळं मोडून तिकडे टाका. काय करू?" हा प्रश्न गमतीचा नाही. विचारणाऱ्याच्या हातातली ती शेवटची पुंजी आहे. ग्रॅच्युइटी, पीएफ, एखाद्या विकलेल्या जागेचे पैसे. ते पुन्हा मिळवायला आपल्याकडे आता वर्षं नाहीत. म्हणून आज एकच गोष्ट तपासून बघू: एखाद्या देशाचा शेअर बाजार जगात पहिला आला, तर तो कायम पहिलाच राहू शकतो का?

आधी आपल्या २५ वर्षांचा हिशेब

आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली. तेव्हा योगायोगाने २५ वर्षांचा हिशेब मांडायला चांगला मुहूर्त आहे. मी दोनच आकडे घेतले. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक आणि आपला सेन्सेक्स. डिव्हिडंड दोन्हीकडचा सोडून दिला, फक्त निर्देशांक धरला.

१९९९ च्या डिसेंबरअखेर एस अँड पी होता १,४६९. २०२४ च्या डिसेंबरअखेर तो झाला ५,८८१. म्हणजे चौपट. त्याच काळात डॉलर साधारण साडेत्रेचाळीस रुपयांवरून साडेपंच्याऐंशीवर गेला, जवळजवळ दुप्पट. तेव्हा कुणी इथून एक लाख रुपये अमेरिकेच्या निर्देशांकात ठेवले असते, तर रुपयांत त्याचे पावणेआठ लाखांच्या थोडे वर झाले असते. चांगले आहेत.

आता सेन्सेक्स. १९९९ अखेर ५,००५. २०२४ अखेर ७८,१३९. एका लाखाचे साडेपंधरा लाख! म्हणजे आपल्या सोसायटीच्या आयुष्यात आपल्या दलाल स्ट्रीटने अमेरिकेला, डॉलरचा फायदा धरूनसुद्धा, जवळजवळ दुपटीने मागे टाकलं. मग अमेरिकेचा बाजार सगळ्यांच्या पुढे आहे असं सगळे का म्हणतात?

कारण लोकांना पंचवीस वर्षं आठवत नाहीत, दहा-पंधरा आठवतात. तोच हिशेब दोन तुकड्यांत करून बघा. पहिली दहा वर्षं, १९९९ अखेर ते २००९ अखेर. एस अँड पी १,४६९ वरून १,११५ वर आला. दहा वर्षं थांबून माणूस तोट्यात! एका लाखाचे रुपयांत एक्क्याऐंशी हजार. त्याच दहा वर्षांत सेन्सेक्समधल्या एका लाखाचे साडेतीन लाख झाले. त्या काळी आपले लोक काय म्हणायचे आठवतं का? "अमेरिका संपली, आता भारत आणि चीन."

मग पुढची पंधरा वर्षं, २००९ अखेर ते २०२४ अखेर. एस अँड पी सव्वापाच पट, त्यात डॉलरची वाढ मिळवली की एका लाखाचे नऊ लाख सत्तर हजार. सेन्सेक्समध्ये साडेचार लाखांच्या आसपास. आता म्हणतात, "अमेरिकेला पर्याय नाही."

बघा, तोच देश, तीच कंपन्यांची यादी थोड्याफार फरकाने, आणि दोन अगदी उलट निष्कर्ष. मोजणी कुठून सुरू केली यावर सगळं अवलंबून. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर १९९९ अखेरची सुरुवात अमेरिकेवर अन्याय करणारी आहे, कारण तेव्हा तिथे डॉटकॉमची तेजी शिगेला पोचली होती. तसंच २००९ ची सुरुवात अमेरिकेला झुकतं माप देणारी आहे, कारण नुकतंच मोठं संकट होऊन गेलं होतं. म्हणून कुणी तुम्हाला "गेल्या अमुक वर्षांत एवढे टक्के" असा तक्ता दाखवला, की पहिला प्रश्न विचारा: सुरुवात कुठली धरली आहे?

टोकियोतला आपला समवयस्क

पहिला नंबर गेल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जपान. आम्ही बँकेत होतो तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या बँकांची यादी आली की वरची बहुतेक नावं जपानी असायची. १९८९ च्या अखेरीस जगातल्या सगळ्या शेअर बाजारांची किंमत एकत्र केली, तर त्यातला ४० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या जपानचा होता, अमेरिकेपेक्षा जास्त. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवाराची जमीन अख्ख्या कॅलिफोर्नियाहून महाग, असं तेव्हा म्हटलं जायचं. व्यवस्थापनाच्या कोर्सला पाठवलं की तिथेही जपान, जपान आणि जपान. क्वालिटी सर्कल आठवत असतील तुम्हाला.

२९ डिसेंबर १९८९ रोजी जपानचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. मार्च २००९ मध्ये तो ७,०५४ वर होता. आणि १९८९ चा तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला कधी? २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. चौतीस वर्षांनी.

आता कल्पना करा, टोकियोत एखादा बँकवाला त्या डिसेंबरमध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झाला. मुलाने सांगितलं, "बाबा, जपानचा बाजार कधी हरत नाही." त्याने सगळी पुंजी निर्देशांकात टाकली. त्याला आपला मूळ आकडा पुन्हा दिसेपर्यंत तो चौऱ्याण्णव वर्षांचा झाला असता. जगला असता तर. मधल्या काळात मिळालेला डिव्हिडंड धरला तर चित्र इतकं काळं राहत नाही, पण निवृत्त माणसाला मधल्या काळातच पैसे लागतात ना! डॉक्टर चौतीस वर्षं थांबत नाही.

जपान काही गरीब झाला नाही बरं का. टोयोटाच्या गाड्या चालतच राहिल्या, बुलेट ट्रेन वेळेवरच सुटत राहिल्या. मग घोटाळा कुठे झाला? भावात झाला. १९८९ मध्ये तिथले शेअर कंपन्यांच्या वार्षिक नफ्याच्या सुमारे ६० पट भावाने विकले जात होते.

हे "पट" प्रकरण फ्लॅटच्या भाषेत सांगतो, म्हणजे सगळ्यांना कळेल. समजा आपला फ्लॅट ८० लाखांचा आहे आणि वर्षाचं भाडं २ लाख येतं. म्हणजे भाव भाड्याच्या चाळीस पट. उद्या भाडं तेवढंच राहिलं, पण लोक म्हणाले, "हा एरिया फार चांगला", आणि भाव १ कोटी २० लाख झाला. तुम्ही श्रीमंत झालात खरे, पण फ्लॅट काही जास्त कमवायला लागलेला नाही. भाडं तेच, पट वाढली, साठ झाली. शेअरचंही तसंच. कमाई वाढल्याने भाव वाढला तर तो टिकतो. लोकांचा उत्साह वाढल्याने भाव वाढला तर तो उत्साह असेपर्यंतच.

तेजी कुठून येते

शेअरमधून मिळणारा परतावा तीनच खिशांतून येतो. एक, डिव्हिडंड. दोन, नफ्यात होणारी वाढ. तीन, पट वाढणं. पहिले दोन खिसे खरे, तिसरा उसनवारीचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा कंपन्यांचा नफा वर्षाला ७ टक्के वाढतो आणि डिव्हिडंड दीड टक्का मिळतो. बेरीज साडेआठ टक्के. आता समजा बारा वर्षांत लोक नफ्याच्या पंधरा पटीऐवजी पंचवीस पट भाव द्यायला लागले. त्याने वर्षाला आणखी सव्वाचार टक्क्यांची भर पडते. म्हणजे परतावा दिसेल पावणेतेरा-तेरा टक्के. मुलगा तुम्हाला तो तेरा टक्क्यांचा तक्ता पाठवणार. पण पुढच्या बारा वर्षांत पट पंचविसावरच राहिली, तरी मिळणार साडेआठच. आणि पंधरावर परत आली, तर मिळणार चारच्या आसपास. पोस्टाच्या व्याजाहून कमी! यात कुठेही मंदी नाही, युद्ध नाही, घोटाळा नाही. नफा तसाच वाढतो आहे. नुसती लोकांची मनःस्थिती पूर्वीसारखी झाली.

आज अमेरिकेत तिन्ही खिसे भरलेले आहेत. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी खरोखर प्रचंड नफा कमावला, हे नाकारण्यात अर्थ नाही. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया, अ‍ॅमेझॉन, अल्फाबेट, मेटा या काही हवेतल्या कंपन्या नाहीत. आपण सगळे रोज त्यांना पैसे देतो, निदान आपला वेळ तरी देतो. पण त्याचबरोबर पटही वाढली आहे, नफ्याच्या पंचवीस पटीच्या वर गेली आहे. आणि निर्देशांकात कंपन्या पाचशे असल्या, तरी एक तृतीयांशाहून अधिक वजन पहिल्या दहाच कंपन्यांचं आहे. म्हणजे "मी पाचशे कंपन्यांत विभागून ठेवलंय" हे कागदावर खरं, वजनात तितकंसं खरं नाही.

एक साधं गणित

खुल्या बाजारात फिरणाऱ्या शेअरांच्या किमतीने मोजलं, तर आज जगाच्या बाजारात अमेरिकेचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक आहे. हिशेबाला ६२ धरू, बाकी सगळ्या जगाचा ३८. आता समजा अमेरिकेने इतरांपेक्षा दरवर्षी फक्त ४ टक्के जास्त कमवायचं ठरवलं. पंचवीस वर्षांनी तिचा वाटा होईल ८१ टक्के. पन्नास वर्षांनी ९२. म्हणजे उरलेलं सगळं जग, चीन, जपान, जर्मनी, ब्रिटन आणि आपण धरून, आठ टक्क्यांत बसवायचं! चक्रवाढ व्याजाने आयुष्यभर पोट भरलेला माणूस म्हणून सांगतो, हे व्याज कुठल्याच खातेदाराला कायम मिळत नाही. चार टक्क्यांची आघाडी दहा वर्षं टिकते, पंधरा टिकते. पन्नास वर्षं टिकली तर जग शिल्लक राहत नाही.

इतिहासही तेच सांगतो. १९०० साली जगातला सर्वांत मोठा शेअर बाजार होता लंडनचा, जगाच्या सुमारे एक चतुर्थांश. अमेरिका त्याच्या मागे होती. लंडनचा वाटा आज जेमतेम तीन-चार टक्के आहे. रशियाचा बाजार तेव्हा चांगला मोठा मानला जायचा. १९१७ च्या क्रांतीत तिथल्या भागधारकांचं सगळं गेलं. चीनमध्ये १९४९ ला तेच झालं. ज्यांनी पैसे गमावले ते मूर्ख नव्हते. ते आपापल्या काळातल्या वर्तमानपत्रांवर विश्वास ठेवणारे, आपल्यासारखे नीट माणसं होती.

स्वतः अमेरिकेचाही रस्ता सरळ नव्हता. डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता, जुलै १९३२ मध्ये ४१ झाला. परत ३८१ व्हायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडला. १९६४ अखेर डाऊ ८७४ होता, १९८१ अखेर ८७५! सतरा वर्षांत एक अंक. नॅस्डॅक मार्च २००० मध्ये ५,०४८ होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४. जुनी पातळी परत दिसली २०१५ मध्ये. "अमेरिकेचा बाजार कधी हरत नाही" हे वाक्य त्या त्या वर्षी त्या त्या लोकांना सांगून बघायला हवं होतं.

आपल्याकडचीही एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात अमेरिका आणि मुंबई दोन्ही आहेत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका वाहायला लागला की रोज नव्या बँका आणि नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट गेले. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे राजे. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्यांनी त्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिला, त्यांच्या आईच्या नावाने. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे युद्ध थांबलं, कापूस उतरला आणि इकडे मुंबईत सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यात संपली. टॉवर मात्र उभा आहे. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात तर वर बघा. तेजीतून जे बांधलं गेलं ते टिकलं, भाव टिकले नाहीत.

तरी अमेरिका वेगळी आहे का?

आता दुसरी बाजू मांडली नाही, तर माझ्या सुनेचं अमेरिकेतलं माहेर मला जेवायला बोलावणार नाही.

अमेरिकेच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. तिथल्या कंपन्या फक्त अमेरिकेत कमवत नाहीत, साऱ्या जगातून कमवतात. धंदा बुडवून पुन्हा उभं राहायची तिथे मुभा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जगभरातली हुशार मुलं तिथे जातात. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला हैदराबादचे, गुगलचे सुंदर पिचाई तामिळनाडूचे. आपल्या 'बी' विंगच्या जिन्यावर खेळलेली दोन मुलंही तिथेच आहेत. हा ओघ चालू आहे तोवर अमेरिकेला कमी लेखू नये.

शिवाय निर्देशांक स्वतःला तरुण ठेवतो. जनरल इलेक्ट्रिक १८९६ मध्ये डाऊच्या पहिल्या यादीत होती, २०१८ मध्ये तिला बाहेर काढलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंटेल बाहेर, एनव्हिडिया आत. म्हातारे बाहेर, तरणे आत. आपल्या कमिटीला हे जमत नाही, पण बाजाराला जमतं!

तेव्हा "उद्या अमेरिका पडणार" असं मी मुळीच म्हणत नाही. २०१५ पासून दरवर्षी कुणी ना कुणी तसं म्हणत आलं, आणि त्यांचं ऐकून बाहेर पडलेल्यांचं नुकसान झालं. आघाडी आणखी पाच वर्षं टिकेल की उद्याच संपेल, हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. जो सांगतो त्याच्याकडे काहीतरी विकायला असतं.

पण हाच न्याय आपल्यालाही लावा. आपल्या देशाची अर्थव्यवस्था वाढते आहे म्हणून आपला बाजार पळतच राहील, असंही नाही. शांघायचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,००० च्या वर होता. त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था कुठल्या कुठे गेली. निर्देशांक २०२४ अखेर ३,३५० च्या आसपास! आपल्याकडे एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांजवळ गेला होता, आणि एप्रिल २००३ मध्ये तो तीन हजारांच्या खाली होता. अकरा वर्षं. देश वाढणं वेगळं आणि त्या देशाचे शेअर महाग भावात घेतलेल्या माणसाचे पैसे वाढणं वेगळं.

मग आपण काय करायचं?

उत्तर द्यायचं तर दोन वाक्यांत देतो. कुठल्याही देशाचा बाजार कायम पहिला राहत नाही. पण पहिला नंबर कधी जाणार हे कळायची सोय नसल्यामुळे, आपली पुंजी कुणाच्याच नंबरावर अवलंबून ठेवायची नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. पहिलं म्हणजे, आपल्या वयाच्या माणसाने निदान पाच ते सात वर्षांचा घरखर्च आणि दवाखान्याची तजवीज बाजाराच्या बाहेर ठेवावी. बँकेची एफडी, पोस्ट, ज्येष्ठ नागरिक बचत योजना. त्या योजनेत जानेवारी २०२५ मध्ये ८.२ टक्के व्याज होतं आणि ३० लाखांपर्यंत ठेवता येत होते. मुलं हसतील, हसू द्या. कारण सांगतो. समजा २० लाख रुपये शेअरमध्ये आहेत आणि तुम्ही वर्षाला १ लाख २० हजार काढता, म्हणजे सहा टक्के. बाजार निम्मा झाला. आता १० लाखांतून तेच १ लाख २० हजार काढायचे म्हणजे बारा टक्के. पुढे बाजार वर आला तरी तोवर तुम्ही पडेल भावात युनिटं विकून खाल्लेली असतील. तरुण माणसाला पडलेला बाजार म्हणजे सेल, आपल्याला तो खड्डा.

दुसरं, त्यानंतर जे उरेल आणि खरोखर दहा वर्षं लागणार नाही, ते शेअरमध्ये ठेवायला हरकत नाही, पण एका देशात नाही. थोडं बाहेर असावं, रुपया घसरतो त्याचाही थोडा आधार मिळतो. गेल्या २५ वर्षांत डॉलर रुपयाच्या तुलनेत वर्षाला सरासरी पावणेतीन टक्के वाढला. पण एकरकमी उडी नको. ज्या वर्षी शेजारीपाजारी सगळे सांगायला लागतात, नेमकं त्या वर्षी तर नकोच.

तिसरं मुलांसाठी, आणि हे तुम्ही त्यांना फोनवर सांगा. अमेरिकेतल्या मुलाचा पगार त्या कंपनीचा, बोनस त्याच कंपनीच्या शेअरमध्ये, निवृत्तीचं खातं अमेरिकेच्या बाजारात, घर तिथेच, त्याचं कर्ज तिथलंच. त्यात आई-वडिलांची पुंजीही तिकडेच गेली, तर पडत्या काळात आधाराला कोण? घरातलं एक माणूस तरी कोरड्या जागी उभं असावं. ते आपण असू या.

चौथं, कागदपत्रं. भारतात राहणाऱ्याने परदेशी शेअर घेतले तर ते आयकर विवरणपत्रात दाखवावे लागतात. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या माणसाच्या नावावर तिथले शेअर असतील आणि तो वारला, तर ६० हजार डॉलर, म्हणजे साधारण ५० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर अमेरिकन सरकार वारसा कर लावतं. दर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडे वारसा कर नाही, त्यामुळे ही गोष्ट आपल्या डोक्यातच येत नाही. इथल्या म्युच्युअल फंडाच्या मार्फत गुंतवणूक असेल तर युनिट भारतातलं असतं, तो प्रश्न येत नाही. थेट शेअर घेण्याआधी जाणत्या सीएला विचारा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : माझे आधीच अमेरिकेच्या फंडात पैसे आहेत आणि चांगले वाढलेत. काढून टाकू का?*

वाढलेत म्हणून काढू नका आणि वाढलेत म्हणून वाढवूही नका. एकच बघा, एकूण पुंजीत त्यांचा वाटा किती झाला. दहातला एक भाग ठेवायचा ठरवलं होतं आणि आता तीन भाग झाला असेल, तर वरचे दोन काढून एफडीत आणा. कर किती लागेल ते आधी विचारा. हे वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात करावं. टीव्ही बघून करू नये.

*प्रश्न : नव्या फंडात पैसे घ्यायला नकार देतात, असं का?*

परदेशात किती डॉलर गुंतवायचे यावर म्युच्युअल फंडांना एकत्रित मर्यादा आहे. ती २०२२ च्या सुरुवातीला भरत आली, तेव्हापासून अनेक फंड नवे पैसे घेणं मध्येच थांबवतात. कुणी "आजच उघडलंय, उद्या बंद होईल" म्हणून घाई करत असेल, तर उद्या बंद होऊ द्या. बंद होणारं दार हे आत जायचं कारण नव्हे.

*प्रश्न : सोसायटीचा सिंकिंग फंड इतकी वर्षं नुसता बँकेत पडून आहे. त्यातला काही भाग बाजारात ठेवता येणार नाही का?*

नाही. सहकारी संस्थेने आपला निधी कुठे ठेवायचा हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७० मध्ये ठरवून दिलेलं आहे आणि अमेरिकेचे शेअर त्यात बसत नाहीत. बसत असते तरी मी विरोधच केला असता. पंचवीस वर्षांची इमारत आहे. स्लॅब गळायला लागला तर बाजार वर येईपर्यंत छत्री घेऊन बसायचं का?

*प्रश्न : मग मुलाला काय उत्तर देऊ?*

त्याला म्हणा, तुझा तक्ता पाहिला, छान आहे. आता मला निक्केईचा १९८९ पासूनचा तक्ता पाठव. तो पाठवेल, आणि पाठवता पाठवता स्वतःही बघेल.